फुईच्या नावाचं ताट

माझी फुई जिवंत आहे हे कळलं तेव्हा मला आनंदबिनंद काही झाला नाही, रागच आला. फुई म्हणजे वडिलांची बहीण, तुमच्याकडची आत्या. तोवर ती आमच्या घरात रीतसर मेलेली होती आणि ते माझ्या फार सोयीचं होतं, कारण दर आखाजीला तिच्या नावाचं ताट मी जेवायचे. हे नीट समजावून सांगायला हवं, नाहीतर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणाल. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खानदेशात तिच्यापुढे दिवाळी फिकी. त्या दिवशी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधून गाणी म्हणतात, आणि त्याच दिवशी घरातली मेलेली माणसंही जेवायला येतात. लेकी आणि पितर एकाच दिवशी बोलवायची अक्कल कोणाची, देव जाणे. पितराच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवायची, निखाऱ्यावर तुपात भिजवलेला घास टाकायचा, आणि मेलेल्याच्या जागी एक जिवंत माणूस पाटावर बसवून त्याला पोटभर जेवू घालायचं. पुरुष गेला असेल तर पुरुष, सवाशीण गेली असेल तर सवाशीण. फुई बिनलग्नाची गेलेली, म्हणून तिच्या जागी कुमारिका, आणि आमच्या घरात कुमारिका मी एकटीच.

काय थाट असायचा माझा त्या दिवशी! आबा, म्हणजे माझे आजोबा, एरवी ज्यांच्या समोरून मांजरही दबकत जायचं, ते खाली बसून माझे पाय धुवायचे. कुंकू लावायचे. हात जोडून म्हणायचे, "कौतिक, जेवी ले माय." कौतिक हे फुईचं नाव, आणि ते नाव आबांच्या तोंडून वर्षात तेवढंच निघायचं. पितराने पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कोणी ताटाला बोट लावायचं नाही अशी आमच्याकडची रीत. सगळी भाऊबंदकी उपाशीपोटी माझ्या तोंडाकडे बघत बसायची आणि मी आधी कुरडई मोडावी की आधी रसात बोट बुडवावं याचा निवांत विचार करायचे. पुढे मी शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका झाले, नारळ-शाली मिळाल्या, पण तसला मान पुन्हा मिळाला नाही.

फुई मेली कशी, तर नंदुरबारच्या स्टेशनवरून रेल्वेत बसून. तळोद्याकडच्या एका बिजवराशी तिचं लग्न ठरलं होतं. म्हणे त्याला दोन विहिरी होत्या. फुईला विहिरींचं काही कौतुक वाटलं नाही. मावशीकडे जाते असं सांगून ती निघाली ती थेट मुंबईला पोचली. आबांनी एक महिना वाट पाहिली. मग एका सकाळी ते मळ्यातल्या विहिरीवर गेले, डोक्यावर पाण्याची बादली ओतून घेतली आणि ओल्या अंगाने घरी येऊन म्हणाले, "कौतिक मरनी." झालं. तेरावा घातला, गाव जेवलं. नंतर कोणीतरी धुळ्याहून बातमी आणली की तुमची कौतिक सिनेमात काम करते, मी डोळ्याने पाहिली. आबा म्हणाले, "मरेल माणूस कोठे सिनेमामां काम करस का?"

तिची कारकीर्द मी पुढे तिच्याच तोंडून ऐकली, तुकड्यातुकड्याने आणि दर वेळी वेगळी. मुंबईत पेटी वाजवणाऱ्या एका मास्तरांनी तिला आसरा दिला. मास्तरांच्या बायकोने तिला पुस्तकातलं मराठी शिकवलं, कारण ती अहिराणीत बोलली की स्टुडिओतले सगळे हसायचे. सुरुवातीला ती नाचणाऱ्या पोरींच्या घोळक्यात, मागच्या रांगेत, डोक्यावर मडकं घेऊन उभी असायची. मग एका चित्रपटात नायिकेच्या मैत्रिणीला कांजिण्या आल्या आणि दिग्दर्शकाने वैतागून या मडकंवालीला पुढे ओढलं. त्या मैत्रिणीला मध्यंतराच्या आधी साप चावायचा होता. फुई इतकी झकास मेली की दिवे धरणारी माणसंसुद्धा हळहळली. तेव्हापासून मरायची कामं तिच्याकडेच यायला लागली. नाव बदलून मधुलेखा झालं, पोस्टरवर खालच्या कोपऱ्यात यायला लागलं. ती क्षयाने मेली, नदीत उडी टाकून मेली, नायकावर झाडलेली गोळी स्वतःच्या छातीवर घेऊन मेली, नायकाचं नायिकेशी लग्न व्हावं म्हणून विष पिऊन मेली. नायकाने तिच्याशी लग्न मात्र एकदाही केलं नाही. "जिती होते तोवर कॅमेरा लांब असायचा गं," ती म्हणायची, "मरायला लागले की मेला जवळ यायचा." तिशी उलटली तशी तिला आईची कामं मिळायला लागली. मुलगा झालेला नट तिच्यापेक्षा वयाने मोठा, केसांना कलप लावून आई आई करत पायावर डोकं ठेवायचा आणि उठताना गुडघा धरून कण्हायचा. मग रंगीत फिल्लम आली, नव्या पोरी आल्या, मास्तर वारले, आणि एक दिवस स्टुडिओच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला विचारलं, "आपको किससे मिलना है?" बाकी सगळं दर वेळी बदलायचं, हे एवढं मात्र ती कायम सारखंच सांगायची.

परवा नातवाने मोबाइलवर तिचा एक तुकडा शोधून काढला. काळापांढरा, पाऊस पडल्यासारखा खरखरीत. फुई खाटेवर पडून कोणालातरी माफ करत होती. खाली एका माणसाने लिहिलं होतं, ही पांढऱ्या साडीतली कोण? नातू म्हणाला, "आजी, लिहू का?" म्हटलं लिही, आमची फुई. त्याने लिहिलं. त्यावर अजून कोणी काही बोललेलं नाही.

तर ही मेलेली बाई फाल्गुनात एका दुपारी आमच्या दारात उभी राहिली. म्हसावदपर्यंत बस, पुढे कोणाच्यातरी बैलगाडीत. गळ्यात मोत्यांची खोटी माळ, डोळ्यावर काळा चष्मा, आणि मागे पत्र्याची एक भली मोठी पेटी. आमचं गाव तेव्हा मिरच्यांनी लालभडक झालेलं असायचं. शेतात, अंगणात, छपरावर, जिकडे बघाल तिकडे मिरची वाळत घातलेली. आम्हाला सवय होती, पण फुईच्या नाकात त्यांचा खाट, झणझणीत वास, गेला आणि ती अशी खोकायला लागली की बैल बिचकले. शेजारच्या बायका धावत आल्या. त्यांतल्या एकीने तंबूतल्या सिनेमात फुईला रक्त ओकून मरताना पाहिलं होतं. "अवं माय," ती ओरडली, "हिले तो टीबी आजून शेच का!" त्या दिवसापासून निम्मं गाव आमच्या दारावरून तोंडाला पदर लावून जायला लागलं आणि उरलेलं निम्मं, साप नेमका कुठे चावला होता ते दाखव म्हणून यायला लागलं.

आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चांगलं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग माझ्या वडिलांना म्हणाले, "धना, दारमां कोनी शे का रे?" माझे वडील, आण्णा, आबांच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. "कोनीच नही, आबा," ते म्हणाले आणि फुईची पेटी डोक्यावर घेऊन तिला मागच्या दाराने आत घेऊन आले.

मग सुरू झाली ती गंमत. घरात एक बाई राहत होती आणि घरधन्याला ती दिसत नव्हती. फुई चुलीपाशी बसून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा खायची, आबा ओसरीवर बसून जेवायचे, मधे एक भिंत. आबांना तिच्याबद्दल काही म्हणायचं असेल तर ते हवेला सांगायचे. "आज घरमां बिडीना वास ई ऱ्हायना." आतून फुई भांड्यांना सांगायची, "भूतले बी बिडी लागस." "चहामां साखर जास्ती पडनी." "मरेल माणसाना हातनी चव अशीच ऱ्हास." माझी माय दोघांच्या मधे उभी राहून पदराने तोंड दाबून हसायची. माझ्या मायला त्या घरात तोवर हसायला कोणी मिळालंच नव्हतं. दुपारच्या वेळी पिठाच्या गिरणीचा पुकपुक आवाज लांबून यायचा आणि त्या दोघी ज्वारी निवडत, काय काय आठवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खिदळायच्या.

आणि मी? मी पहिले आठ-पंधरा दिवस तोंड फुगवून होते. जिवंत माणसाच्या नावाची घागर भरत नाहीत एवढं मला कळत होतं. म्हणजे माझं ताट गेलं, पाटही गेला. पण फुईने मला लाच दिली. गोठ्यात नेऊन तिने मला मरायला शिकवलं. "डोळे मिटायचे नाहीत एकदम. आधी लांब कुठेतरी बघायचं, मग ओठ हलवायचे, पण बोलायचं नाही, आणि मान टाकायची ती उजेडाच्या बाजूला. अंधारात मेलीस तर कोण बघेल तुला?" मी कडब्यावर पडून दिवसदिवस मरायचे, म्हैस रवंथ करत बघायची. "छे! हे मरण आहे का? पोट दुखतंय असं वाटतंय. पुन्हा!" एकदा माझं मरण एवढं जमलं की मायने पाहून किंकाळी फोडली. फुईने मला कडेवर उचलून गोल फिरवलं. मोठी झालेली होते मी, पण फिरवलं. त्या दिवसानंतर ताटाचं दुःख मी सोडून दिलं. मला ती आवडायला लागली, इतकी की शाळेतून पळत घरी यायचे.

चैत्र संपत आला तसे नथूआबा येऊन बसले. ते आबांचे चुलतभाऊ. गावातल्या प्रत्येक भांडणात त्यांचं एक पाऊल असायचंच. "लोके हाशी ऱ्हायनात," ते म्हणाले. "औंदा आखाजीले कौतिकनी घागर भरशी का नही?"

"दरसाल भरस. औंदा बी भरसू."

"मंग मरेल माणूस तुन्हा चुल्हापाशी बठीसन भाकरी कशी खाई ऱ्हायनं? आम्ही पंगतमां बठसूत आनि ती पोया लाटी? आसं चालाव नही. नही तं आम्ही तुन्हा दारमां जेवाले येत नहीत."

भाऊबंदकी जेवायला आली नाही म्हणजे आबांचा मान गेला. आबा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. मग हवेकडे बघून म्हणाले, "आखाजीनी घागर भराई जाऊ दे. दुसरा दिन सकायनी गाडीवर धना बसाडी दी."

भिंतीपलीकडे फुई आणि माय दोघींनी ते ऐकलं. मी मायच्या पाठीला चिकटून बसले होते. मायने कुठे जाणार म्हणून विचारलं, "कथा जाशात ताई?" फुई विस्तवाशी खेळत होती. तिने एवढंच सांगितलं की मास्तरांची बायको आपल्या भावाकडे गेली आणि मुंबईतली खोली आता दुसऱ्याची आहे. जायला जागाच नव्हती हो तिला. सिनेमातल्या बायकांना निदान मरता तरी येतं. मी तिथेच भोकाड पसरलं तर फुई म्हणाली, "रडू नको गं, तोंड फार वाईट दिसतं तुझं."

आखाजीच्या दिवशी ऊन असं की अंगणात पाय ठेवला तर चटका बसावा. पहाटेपासून मायचं मातीचं खापर चुलीवर होतं. माय एवढी मोठी पुरणपोळी हातावर झुलवत झुलवत पातळ करायची आणि उलट्या खापरावर टाकायची. फुईला ते काही जमेना, म्हणून ती कुरडया तळत होती. बाहेर निंबाला झोके बांधलेले, गावातल्या लेकी गाणी म्हणत झुलत होत्या, हसत होत्या. आमच्या घरची लेक तेवढी धुरात बसून होती आणि मागच्या दाराशी तिची पेटी दोरीने बांधून ठेवलेली होती. आदल्या दिवशी आण्णांनीच बांधली होती.

घागर भरली, खरबूज ठेवलं, निखाऱ्यावर घास टाकला. पंगत बसली. नथूआबा अगदी माझ्या समोर, पोट पुढे करून. मला पाटावर बसवलं. आबांनी माझे पाय धुतले, कुंकू लावलं, हात जोडले. "कौतिक, जेवी ले माय."

मी ताटाकडे बघितलं. रसाची वाटी काठोकाठ. खरं सांगते, तोंडाला पाणी सुटलं होतं. पण हात उचलेना. मी हा घास घेतला की फुई मेली आणि सकाळच्या गाडीत बसली, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. आबा पुन्हा म्हणाले, "जेव माय." मी मान हलवली. पंगतीत चुळबुळ सुरू झाली. रसावर माश्या बसायला लागल्या. कुठल्यातरी शेंबड्या पोराने गुपचूप भजं उचललं, त्याला त्याच्या बापाने धपाटा घातला. नथूआबांचं डोकं तडकलं. "एक चापट दे तिले! लगेच जेवी!"

"पितरले हात लावतस का रे?" आबा म्हणाले. आता ते माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा झाला. "काय चुकनं माय? काय पाहिजे तुले?" ते मला विचारत होते की कौतिकला, मला आजही सांगता येणार नाही. त्यांचे डोळे माझ्यावर होते पण मला बघत नव्हते.

"हाई ताट मन्हं नही," मी म्हणाले. "फुईनं शे. फुई घरमां शे."

झोक्यावरच्या गाण्याचा तेवढा आवाज येत होता. आणि आतून फुई आली. कपाळाला काजळी, हातात झारा, पदर खोचलेला. मुंबईचं मराठी कुठच्या कुठे गेलं होतं.

"ऊठ गं इंदे," ती मला म्हणाली. "इतलं साधं काम, ते बी तुले जमत नही. सरक." मी सरकले. ती पाटावर बसली, मांडी घालून, ऐसपैस. "मन्हं ताट शे. मी जेवस."

"हाई काय नाटक!" नथूआबा उठून उभेच राहिले. "जित्तं माणूस कधी पितर बठस का?"

"मी जिती शे का नथूकाका? तुम्हीच सांगा सगयासमोर. जिती व्हसू तं आखाजीले माहेरले येल लेक शे मी. तिले पाटवरतून उपाशी उठाडतस का? आनि मरेल व्हसू तं मन्हंच ताट शे, मन्हीच घागर शे. काय ते लवकर ठरावा. रस तपी ऱ्हायना."

नथूआबांची पंचाईत झाली. जिवंत म्हणावं तर आबांना इतकी वर्षं खोटं पाडायचं, आणि स्वतः तेराव्याला दोन वेळा जिलबी वाढून घेतली होती ती वेगळीच. मेलेली म्हणावं तर ताट तिचंच. पंगतीत मागे कोणीतरी फिसकन हसलं. सगळे आबांकडे बघायला लागले. भूक फार लागली होती हो लोकांना.

आबा तसेच बसून होते, तांब्या हातात. मला वाटलं आता तांब्या भिरकावतात. त्यांनी तांब्या वाकवला आणि फुईच्या पायांवर पाणी घातलं. पायाला भेगा पडलेल्या होत्या, नखावर जुन्या लाल रंगाचा एक टवका उरला होता. आबांनी तो अंगठा चोळला, जरा जास्तच वेळ चोळला. उपरण्याने पाय पुसले. कुंकू लावलं.

"मंग सकायनी गाडी?" नथूआबा अजून उभेच.

"मरेल माणूस कोठे गाडीमां बठस का?" आबा मान वर न करता म्हणाले. "आठेच ऱ्हाई ती. आनि तू बठ खाले, पोया थंड्या व्हई ऱ्हायन्यात."

फुईने घास घेतला. पंगत जी जेवणावर तुटून पडली ती काही विचारू नका. मी फुईच्या मागे मायचा हात धरून उभी होते. फुईचा दुसरा घास तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला, आणि ती रडायला लागली. हे असलं रडणं कुठल्या दिग्दर्शकाने ठेवून घेतलं नसतं. तोंड वाकडं झालेलं, नाक वाहत होतं, घशातून रेड्यासारखा आवाज. पाणी टपाटपा वाटीत पडत होतं आणि तिला पुसायचं भान नव्हतं. मायने पुढे होऊ पाहिलं तर आबांनी हाताने थांबवलं. ते स्वतः फुईच्या ताटाशी वाकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून, थेट तिच्याशी बोलले.

"ए कौतिक. रसमां पानी पाडू नको. पातय व्हई जाई."

फुईने मनगटाने नाक पुसलं. वाटी उचलून तोंडाला लावली, रस घटाघटा संपवला आणि रिकामी वाटी बापापुढे धरली. "मंग आजून वाढा," ती म्हणाली.